तिसरी डिस्क आणि माझी रजा

३ जून
प्रॉक्सी सर्व्हर बंद करून चालू केला, तर उठेचना. अख्ख्या ऑफिसचं इंटरनेट त्याच्यातून जातं. एकदा उघडलेली पानं तो चार डिस्कवर साठवून ठेवतो. त्यातली तिसरी गेली म्हणे. आपोआप? मी काही दूधखुळा नाही. सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणजे कुणीतरी दुसरी करून घेतलीय.

४ जून, सकाळ
नव्या मॅडम म्हणाल्या, एखादी डिस्क खराब निघाली तर ती वगळून बाकीच्यांवर सुरू हो, अशी सेटिंग करू या. त्यावर नुसत्या कॉप्याच तर आहेत. काय ते गोड बोलणं! डोळा माझ्या खुर्चीवर आहे. एक जरी डिस्क कमी असेल तर उठायचं नाही, हा नियम मीच घातलाय. चोरी कळायला नको? एक जण नसताना बाकीच्यांनी खुशाल कामाला लागायचं? उद्या मी नसलो तर?

दुपार
साहेबांनी विचारलं, कधी सुरू होणार? म्हटलं, तपास चालू आहे. म्हणाले, तपास नको, इंटरनेट द्या. साहेबही त्यांना सामील!

५ जून
नवी डिस्क बसवली तर पुरावा जाईल. बोटांचे ठसे घ्यायला हिची पावडर नेली. सर्व्हरच्या पंख्याने ती सगळी आत ओढली. चौथी डिस्कही गेली. माझ्या डोळ्यांदेखत! काय हिंमत म्हणायची ही! घरी आल्यावर ही विचारते, पावडर कुठाय? घरातही पाळत.

संध्याकाळ
ठरलं. परत ऑफिसला जाऊन रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो, कुणाला न सांगता. आता येतील नाक घासत.

६ जून
फोन नाही. घाबरले असतील.

७ जून
फोन नाही. लाइनमध्ये काहीतरी गडबड केलीय. हिच्या फोनवरून मला लावून पाहिला. लागला. ही म्हणाली, समोर बसलेय, तोंडाने बोला.

१० जून
ऑफिसला गेलो. सर्व्हर दोन डिस्कवर मजेत चाललाय. मॅडमनी पाच तारखेलाच आपल्या जागेवरून सेटिंग बदलली. किल्ली लागलीच नाही. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे कट मोठा आहे.

पॅसेजमध्ये साहेब भेटले. म्हणाले, अर्ज आत्ताच पाहिला, मंजूर आहे, बिनधास्त जा. कधीपासून जाताय?