चौथ्या सिलिंडरची फुसफुस

९ आजर, कोंग बंदर, इराण
खलाशी नमाजाला गेले तशी डबा घेऊन गलबतावर चढले. डबा निव्वळ निमित्त. शंबेला माझे कान हवे होते.

शंबे माझा नवरा, गलबतांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याला ऐकू येत नाही हे कोंगच्या धक्क्यावर कुणालाच ठाऊक नाही. माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखतो. पण इंजिनाला ओठ कुठले! सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरायची. किती टिकते ते काटा दाखवतो. तेवढं तो बघतो. निसटते कुठून, ते मात्र कान लावून ऐकायचं. धुराड्यातून फुसफुसली तर व्हॉल्व्ह गेला – किरकोळ काम. तेल ओतायच्या तोंडातून आली तर रिंगा गेल्या, आतली भिंत झिजली – सगळं इंजिन खोलायचं. ते मी ऐकते आणि बोटाने दाखवते. वर्षभर असंच चाललंय.

आज इंजिन जासेमचं. माझ्या धाकट्या भावाचं! बाकीच्या सिलिंडरांनी हवा धरली. चौथ्याला काटा निम्म्यावर घसरला. तोंडावरचा बुरखा वर सारला, वाकले. तेलाच्या तोंडातून आवाज येत होता – दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा.

खोटं सांगावं, असं क्षणभर वाटलं. बोट धुराड्याकडे केलं असतं की झालं. नाही केलं, तेलाच्या तोंडाकडेच केलं. शंबेने डोळे मिटून घेतले.

१० आजर
जासेम आला. बूटही नीट काढले नाहीत.

"ताई, समजाव तुझ्या नवऱ्याला! ऐन सुरमईच्या दिवसांत इंजिन खोलून बसू? खलाशी काय माझं तोंड बघत राहतील? जातील दुसऱ्या नाखव्याकडे!"

"रिंगा गेल्यात," शंबे म्हणाला. "भर समुद्रात जाम झालं तर?"

"भाओजी, तुम्ही म्हातारे झालात ना, म्हणून सगळी इंजिनं तुम्हाला म्हातारी दिसतात!"

मी चहा ओतत होते. बशीत सांडला. ऐकलं ते मी रे, त्याने नाही! पण हे सांगितलं तर उद्यापासून शंबेला इंजिनाला हात लावू देणार कोण? खडीसाखर पुढे केली. एवढंच जमतं मला.

१२ आजर
जासेमने जाड तेल ओतलंय. धूर कमी झाला म्हणून खुशीत आहे. मूर्ख!

१३ आजर
शंबे जासेमबरोबर समुद्रावर निघालाय!

"आजारी माणसाबरोबर कुणीतरी जातंच ना, तसंच हे इंजिन," म्हणतो. मी ओरडले, "ते इंजिन किंचाळलं तरी तुला कळणार नाही!" – आणि स्वतःच तोंडावर हात धरला. भिंतीपलीकडे शेजारीण. शंबे शांतपणे म्हणाला, "भाऊ आहे तुझा. एकटा सोडू त्याला?"

मी खरं बोलले म्हणून हा चालला. खोटं बोलले असते तर? तरीही जासेम गेलाच असता – एकटा. कुठूनही विचार केला तरी वाट बंद.

खजूर, सुकी मासळी, भाकरी बांधून दिली. लोकरी टोपी दिली. दुसरं काय करणार!

१५ आजर
उत्तरेचा वारा सुटला. धक्क्यावर उभं राहवत नाही. जासेमची बायको मोलूक म्हणते, "तुझा नवरा आहे ना बरोबर, मग मला कसली काळजी!" मान हलवली.

१६ आजर
जासेमचा फोन लागत नाही. शंबेला लिहिलेला मेसेजही जात नाही.

१७ आजर
बंदराच्या कचेरीत गेले. "वारा पडू दे, बाई. सगळेच अडकलेत."
"पण त्यांचं इंजिन –"
"तुम्हाला काय कळतं इंजिनातलं?"
घरी आले. मोलूकने भात पाठवला होता. तसाच पडलाय.

१८ आजर
दिवसभर गच्चीवर. इंजिनाचा आवाज म्हणून कान टवकारते आणि कुणाचा तरी पत्रा वाजत असतो. ऐकू येऊन तरी काय उपयोग?

२० आजर
आले! दोघंही! दुसऱ्या गलबताने ओढत आणलं. शंबेची दाढी मिठाने पांढरी झालीय. जासेम माझ्या गळ्यात पडून रडला – एवढा मोठा नाखवा! म्हणाला, "भाओजींनी वेळेवर बंद करायला लावलं, ताई. नाहीतर फुटलंच होतं. नांगर टाकून बसलो वारा पडेपर्यंत."

"त्याला कळलं कसं?"

"साबणाने. तेलाच्या तोंडावर फेस लावतात आणि फुगे बघत बसतात. हवा कुठून येते, किती येते, सगळं कळतं त्यांना. आम्ही कधीचं बघतोय! ऐकू येत नाही म्हटल्यावर काहीतरी शोधणारच ना माणूस."

"ऐकू येत नाही, हे तुला –"

"अख्ख्या धक्क्याला माहीत आहे, ताई!"

२१ आजर
साबण! म्हणजे माझे कान त्याला लागतच नव्हते. मग वर्षभर मला गलबतावर का बोलावत होता?

विचारलं. साठीचा माणूस – लाजला!