वैशालीचं चित्र पाहून राह्यलो

१२ नोव्हेंबर, दिग्रस
आज तोंडानं घोटाळा केला. सूनबाईनं, वैशालीनं काढलेलं मोठं चित्र परवापासून समोरच्या खोलीत लावलं आहे. अख्खं पांढरं. शेजारचे राऊतजी चहाला आले. "हे काय हाय?" मी म्हटलं, "पुट्टी मारून झाली, रंग द्याचा राह्यला." सगळे हसले. वैशालीही हसली. कप उचलून आत गेली.

१३ नोव्हें.
भिंत रिकामी. चित्र गच्चीवरच्या तिच्या खोलीत परत गेलं. सौ. एवढंच म्हणाली, "सात महिने करून राह्यली होती ते." पुढच्या महिन्यात यवतमाळला तिचं प्रदर्शन आहे, दोन मैत्रिणींसोबत. आपल्याला अजून चला म्हणाली नाही. नितीनला पुण्याला फोन लावावा म्हटलं. पण पोराला सांगणार काय? तुझ्या बायकोचं मन मीच...

१५ नोव्हें.
दुपारी वर गेलो. जिना चढताना वाक्य जुळवलं होतं, वर पोचेपर्यंत विसरलो.
"बेटा, त्या दिवशी मी..."
"जाऊ द्या ना बाबा. तुम्हाला दिसलं ते बोललात."
"दिसलं कुठं? मले काहीच दिसलं नाही, म्हणून तर बोललो."
तिनं स्टूल पुढे सरकवलं. "पाच मिनिटं बसा. बोलायचं नाही."
बसलो. पांढरं. गुडघा दुखला. दोनदा घड्याळ पाहिलं.

१६ नोव्हें.
पुन्हा बसलो. काही नाही. चहा मात्र चांगला मिळाला.

१९ नोव्हें.
आज सकाळी गेलो. ऊन तिरपं आलं होतं. आणि एकदम दिसलं, हे पांढरं एक नाहीच! कुठे पिवळसर, कुठे निळसर, कुठे मळकट. बत्तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाची प्रतवारी केली, हेच तर पाहत होतो रोज. मी बोटानं दाखवत सुटलो. "हा पहिल्या वेच्याचा, हा पावसात भिजलेला, कोपऱ्यात ही किडकी कवडी!" वाटलं, पोरगी खूश होईल.
"बाबा, कापूस नाही तो."
"मग काय हाय?"
"काही असायलाच कायले पाहिजे? पाहताना तुम्हाला काय होते, ते सांगा."
थोडा हिरमुसलो. तरी, इतकं तरी दिसलं.

२४ नोव्हें.
रोज जाऊन बसतो. चित्रात मधोमध वै.नं वीतभर रंग खरवडून काढला आहे. नजर फिरून फिरून तिथेच जाते. आज तिथे आई आठवली. काहून, माहीत नाही. आईसारखं त्यात काहीच नाही. डोळे पुसावे लागले. वै.ला सांगितलं. ती ब्रश धूत होती, वर न पाहता म्हणाली, "मग झालं की बाबा." जरा वेळानं हळूच, "यवतमाळला याल ना?"
याल ना म्हणे!

९ डिसेंबर
प्रदर्शन. सौ. आणि मी सकाळच्या एस.टी.नं पोचलो. हॉल बरा होता, गर्दी बेताची. कोटवाले एक गृहस्थ पांढऱ्या चित्रासमोर मोठ्यानं म्हणाले, "असं तर माझी नात बी काढीन." वै. तिथेच उभी होती. तिचा चेहरा उतरला. माझंच वाक्य, फक्त तोंड दुसऱ्याचं. पुढे झालो. "साहेब, पाच मिनिटं उभे राहा. बोलू नका." दोनच मिनिटं राहिले. पण दारातून एकदा वळून पाहिलं.

मग शेवटचं चित्र. नवीन, काळंभोर. मला दाखवलंच नव्हतं. बराच वेळ उभा राहिलो. वै. मागे आली.
"बाबा?"
"खरं सांगू?"
"खरंच सांगा."
"हे जमलं नाही तुले."
सौ.नं कोपर मारलं. वै. लालबुंद. "हेच माझं सगळ्यात चांगलं आहे!"
"मले नाही वाटत."
"तुम्ही चुकता, बाबा."
लग्न होऊन आल्यापासून सात वर्षांत पहिल्यांदा तोंडावर बोलली. परत येताना आर्णीपर्यंत वाद चालू. सौ. म्हणाली, "मले खिडकीजवळ बसू द्या, मंग भांडा दोघं." फार बरं वाटलं. का, ते तिला कसं सांगू.

१४ डिसें.
काळं चित्र परवा घरी आलं. वै.नं ते माझ्या खाटेसमोर आणून टेकवलं. पाहून राह्यलो. नाहीच पटत. वर जाऊन तसं सांगितलं.
"नाही, तर काहून नाही ते सांगा ना. नुसतं नाही म्हणू नका."
खाली येऊन लिहायला बसलो. काहून नाही? खालची बाजू फार जड झाली का? की तिनं ते घाईत केलं? की मलाच त्याच्या आत जाववत नाही? दोन ओळी लिहिल्या, खोडल्या.
जिन्यातून आवाज आला, "बाबा, सापडलं का?"
थांब म्हटलं, बेटा.