यमूचा निळा अंगठा

नाचणगाव, १९५७

चि. पुंडलिकास,

मी तुझी माय. तू इसरभोळा, म्हणून पहिले वळख देतो.

लिहून घेणाऱ्या मास्तरीणबाई शिव्या लिहीत नाईत. तितक्या जागा कोऱ्या सोडल्या. तू भरून घेजो.

काल यमूचा अंगठा निळा दिसला. "मामानं पेढा देल्ला," म्हणे. भाची तुझी वीस वर्साची झाली, पण समज चार वर्साची. तिच्या अंगठ्यावर तू, ______, वावर विकून राह्यला? वकिलानं तुझ्या बापाचा मृत्युपत्राचा कागद मले वाचून दाखवला. तुले ट्रस्टी केलं ते वावर राखाले. यमू जिवंत हाय तोवर त्याचं पीक तिच्या पोटाले. तिच्या अंगठ्यानं ते विकल्या जात नाई, तुझ्या सहीनंही नाई. अंगठाछाप मी, अन् मलेच समजलं!

हे पत्र टपालात टाकत नाई. आज मीच येतो, काठी घेऊन. पत्र वकिलापाशी राहीन; माझ्यामागं तुले वाचून दाखवतील.

तुझी माय, तानाबाई
(अंगठा माझाच हाय, बिनपेढ्याचा.)

मी गेल्यावर त्याच वावरातली तुरीची डाळ यमूले पाठवत जाजो. टरफल काढजो. तिले ठसका लागते, अन् पाठ थोपटाले मी नसीन.