चहाआधी बॉनेटला हात

बाबा, तुम्ही असतात तर आज आधी तुमची बोलणी खाल्ली असती, आणि खुशाल खाल्ली असती. गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटखाली नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीत मी बसले आहे, मागे आई आहे, आणि गाडी सुरू होत नाहीये. काय करू ते खरंच सुचत नाहीये, म्हणून मोबाईलवर हे तुम्हाला लिहिते आहे.

आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय अजून तिचं ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणतात, सुधारायचे दिवस हेच, आता हॉस्पिटलातला व्यायाम चुकला तर पुढे हात चालणार नाही. पण टॅक्सीवाले व्हीलचेअर बघतात, "मॅडम, डिक्की में गैस का सिलिंडर है" म्हणतात आणि निघून जातात. कितीतरी सकाळी आम्ही तयार होऊन गेटवरून परत आलोय. म्हणून मोठी गाडी हवी होती, खुर्ची मावेल आणि आईला मागे पाय पसरता येतील अशी.

बघायला मात्र तुमच्यासारखीच गेले. छावणीतला तो रविवार आठवतो. शेजारच्या सुभेदारांना जुनी जीप घ्यायची आहे, तुम्ही वर्कशॉपमधले, म्हणून तुम्हाला नेलंय, आणि मी तुमचं बोट धरून आहे. तुम्ही कुणाला रामराम न करता थेट बॉनेटवर तळहात ठेवता. गरम असेल तर आपण यायच्या आधीच चालवून ठेवली म्हणायची, थंड इंजिन कसं उठतं तेच बघायचं असतं, असं मला समजावता. तेवढ्यात मालकीणबाई लाडू देतात आणि मी तो तोंडात घालते. परतताना काय चिडला होतात! "त्यांचं खाऊन झाल्यावर गाडीत खोट आहे हे कुठल्या तोंडाने सांगणार? आधी बॉनेट, मग चहा."

इथल्या गाडीबाजारात डीलर माझ्या मागे बघत विचारायचे, भाईसाहब नहीं आए? मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचे. एकाच्या टोकाला चिखलाची रेघ निघाली, म्हणजे गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली. दुसरीच्या दाराचं रबर उचललं तर खाली नवं वेल्डिंग, म्हणजे अपघातात ठोकलेली. एकीचा चेसिस नंबर कागदांशी जुळेना. सगळ्यांना नाही म्हटलं, बाबा. मला कुणी बनवू शकलं नाही.

मग लक्ष्मीबाई नगरमधली ही गाडी कळली. मालक एक मराठी साहेब, निवृत्त होऊन पुण्याला परत चाललेले. आईलाही नेलं, सीटवर बसून बघता येईल म्हणून. दार उघडलं आणि बाई म्हणाल्या, "अगं बाई, या ना! आधी चहा घ्या." एवढ्या मोठ्या दिल्लीत कुणी मराठीत या म्हटलं की आपण विरघळतोच. आजारपणानंतर माझ्याशिवाय कुणाशी न बोललेली आई वाकड्या तोंडाने बोलायला लागली, हसलीसुद्धा. पोहे झाले, चहा झाला, मग खाली गेलो. बेल्ट स्वच्छ, नंबर बरोबर. बॉनेट गरम. साहेब म्हणाले, सकाळी भाजी आणायला गेलो होतो. तेव्हा दुपार कलली होती. तोवर आईला त्यांनी मागच्या सीटवर बसवलंही होतं. "इथे बरं वाटतंय गं," ती म्हणाली. मी गाडी घेते म्हणून सांगून टाकलं.

आज कडाक्याची थंडी आहे. स्टार्टर नुसता घरघरतो, इंजिन पकडत नाही. साहेबांना फोन केला तर म्हणाले, ताई, आमच्याकडे कधी असं झालं नाही हो. मेकॅनिक येऊन ऐकून गेला, इंजिन खोलावं लागेल म्हणतो. एक टॅक्सी आली, खुर्ची बघून वळली. व्यायामाची वेळ टळली आहे. आई डाव्या हाताने उजवा हात चोळत बसली आहे. मघाशी तिने विचारलं, "तू बॉनेटला हात लावला होतास ना?"

"हो आई, लावला होता."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

हे पाठवू कुठे? इथेच राहील. हात लावला होता, बाबा. तेव्हाच मला कळलं होतं.