कोंबडीने अडवलेली देवळी

भडगाव, वैशाख वद्य पंचमी, शके १८६२

आज सकाळी स्नान करून खंडोबासाठी भिंतीत केलेल्या देवळीपुढे हात जोडले, तर आतून कोंबडीने माझ्याकडे एका डोळ्याने पाहिले.

पुरात घरे गेलेल्यांना घरे बांधून द्यायची, अशा सेवेला मी हे वर्ष दिले आहे. सखूअक्काच्या घरातली देवळी मीच लिंपली. पण देवाचे टाक मांडायच्या आधीच तिच्या कोंबडीने तिथे अंडी घातली. देव बसल्याशिवाय अक्का आत पाऊल टाकत नाही. पोरांसह लिंबाखाली राहते, या उन्हाळ्यात. आणि कोंबडीलाही हात लावू देत नाही!

"अंडासवर बठेल शे, आबा. उठाडशात ते पाप लागी."

"आणि देव?"

"देवले काय घाई शे?"

धुळ्याहून आलेले आमचे स्वयंसेवक वसंतराव म्हणाले, "गृहप्रवेश झालाच की! कोंबडी राहायला आली." सगळे हसले. मला हसू येईना. देवाची जागा, आणि तो एक डोळा! पण खुद्द खंडोबाने तरी तिला उठवले असते का?

संध्याकाळी पहार उचलली. "आबा, भिंत ओली आहे!" असे वसंतराव ओरडत राहिले, तरी समोरच्या भिंतीत दुसरी देवळी कोरली. टाक मांडले. अक्का उजवे पाऊल टाकून आत आली. आधी कोंबडीला दाणे टाकले, मग देवाला भंडारा वाहिला.