भेगाळलेली खळ

ओसाका, ऑक्टोबर १९५८

प्रिय बाबा,

आईनं कळवलंय, मी घर सोडल्यापासून माझं नाव निघालं की तुम्ही उठून कुंचले धुवायला जाता, धुतलेले असले तरी. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचा. चार वेळा लिहून फाडलंय; प्रत्येक वेळी कुठेतरी मी स्वतःला सांभाळून घेतलेलं सापडलं.

आधी बातमी. येत्या रविवारी आमच्या चित्रकार मंडळाचं प्रदर्शन उघडतंय आणि दारासमोरच्या भिंतीवर, आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते तिथं, माझं चित्र आहे. दोन माणसांच्या उंचीचं. शेजारच्या काकू विचारतीलच, "चित्र कशाचं गं बाई?" त्यांना सांगा, कशाचंच नाही. त्यात डोंगर नाही, बाई नाही, बगळा नाही. कापडावर रंग अडवणारी तांदळाची खळ बोटभर जाड थापली, विस्तवाच्या धगीनं तडकवली आणि भेगांत काळा रंग सोडला. खळ धुतल्यावर उरलं ते चित्र. बाबा, ते सुंदर आहे. स्वतःच्या कामाला असं म्हणायची मला सवय नाही, हे तुम्ही जाणता.

आमच्या मंडळाचा नियम एकच : आधी कुणी केलेलं करायचं नाही. चित्र हिराओका गुरुजींपुढे धरायचं. ते "हं" म्हणतात, नाहीतर "न्या". कारण सांगत नाहीत. आमचा काजिता आगीच्या बंबाच्या नळीनं रंग उडवतो, त्यालाही गेल्या महिन्यात "न्या" मिळालं. "आता घरालाच आग लाव, मग बघू," म्हणून आम्ही त्याला छळलं. मला तर तीन वर्षं "न्या"च. फक्त पहिल्या चित्राला ते आणखी एवढं म्हणाले, "पोरी, हात फार शहाणा आहे तुझा. कुणी शिकवला?" मी ताठ मानेनं म्हटलं, "वडिलांनी." छातीच्या दुखण्यामुळे आठ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, अक्षरं तुम्हीच शिकवलीत, रंगाच्या कुंचल्यानं, चिंध्यांवर. रेघ चुकली की चिंधी धुऊन पुन्हा पुढ्यात.

या चित्राला "हं" मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मी नियम मोडला होता. कारण हे आधी झालेलं होतं, आपल्याच घरात. दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे जाऊन म्हटलं, चित्र काढून घ्या. लढाईनंतर वडिलांना लग्नाच्या किमोनोचं पहिलं मोठं काम आलं होतं, तेव्हा खळ अशीच तडकली आणि निळा रंग भेगांत शिरून कापड वाया गेलं. गुरुजींनी विचारलं, "त्यांनी मुद्दाम तडकवली?" "नाही." "मग खळच बिघडली होती?" मी निघायला वळले. ते चिडले, "अगं, बोल की! तोंडात खळ भरलीय का?" अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगून टाकलं. ते म्हणाले, "म्हणजे तेव्हाही तडकवली ती तूच. चित्र तुझं आहे, राहील. पण हे ऐकायचा हक्क माझा नाही. ज्याचा आहे त्याला सांग, नाहीतर मीच ते उतरवीन."

म्हणून लिहिते आहे. त्या दिवशी संध्याकाळी, किमोनोचं काम दिलेले नागासे शेठ कापड बघायला येणार होते आणि ताणून बांधलेल्या कापडावरची खळ अजून ओलीच होती. तुम्ही जेवायला उठलात. नऊ वर्षांच्या मला वाटलं, तुम्हाला मदत करावी. मी निखाऱ्यांची शेगडी ओढून थेट कापडाखाली आणली आणि तुमची पावलं ऐकून परत जागेवर ठेवली; तोवर खळ बारीक तडकली होती, आणि तुम्ही लावलेला निळा त्या भेगांत शिरला. शेठ सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "लढाईत हात विसरलास की रे!" तुम्ही मान खाली घातलीत. मी दाराआड उभी होते, बोलले नाही. तेव्हापासून तुम्ही स्वतः खळ शिजवत नाही. दुकानातून विकत आणता, आणि तीही तीनदा बोटांत चोळून बघता. बाबा, तुमची खळ बरोबर होती. प्रमाण बरोबर होतं, हात बरोबर होता. त्या हातानं शिकवलेली खळ आहे, म्हणून तर माझी तडकली तरी कापड सोडत नाही. रविवारी नागासे शेठनाही बोलावलंय. चित्रासमोर उभी राहून हे सगळं मी त्यांना माझ्या तोंडानं सांगणार आहे. तुम्ही या. रागवायला आलात तरी चालेल, फक्त आधी चित्र बघा. आणि उद्या सकाळी कुणालाही न विचारता, पूर्वीसारखी, खळ शिजवायला ठेवा.

तुमचीच शिकवलेली,
मित्सुए