दोन मोर आणि मधली मोर्णा

ती. देवमन मामांना पौर्णिमाचा कोपरापासून नमस्कार.

मुलगा कसा वाटला? हे तुम्ही फोनवर पुन्हा पुन्हा विचारलंत आणि मी दरवेळी "लिहून कळवते" म्हटलं. मामा, या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. मी पदवीधर आहे (घरातली पहिली, हे तुम्हीच अचलपूरभर सांगत असता), तरीही येत नाही. शर्ट आकाशी होता, एवढं खात्रीने सांगू शकते.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचं लोणचं मुरलं का? माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त पायाचे गोळे दुखतात. ते का, हे पत्रातच कळेल. पत्राच्या डोक्यावर गावाचं नाव लिहायची रीत आहे, पण ते मी यावेळी शेवटी लिहिणार आहे. आणि फोन सोडून पत्र का, असं विचाराल तर तुम्ही दुकानात फोन स्पीकरवर ठेवता. बारावीच्या गणितात मी काठावर पास झाले हे खिळे घ्यायला आलेल्या माणसांना माझ्या आईच्या आधी कळलं होतं.

तर सुरुवातीपासून सांगते. अकोल्याचं स्थळ तुम्ही आणलंत तेव्हा मी एकच अट घातली होती, की मुलगी बघण्याचा कार्यक्रम घरात नको. पोह्यांचा ट्रे नको, खाली मान नको आणि कोणीही मला "जरा चालून दाखव" म्हणणार नाही. (आईला तिच्या वेळी अंगणातल्या तुळशीपासून गोठ्यापर्यंत चालवलं होतं. पाय लंगडा नाही याची खात्री झाल्यावर सुईत दोरा ओवायला लावला. ती हे हसत सांगते, म्हणून मला जास्त राग येतो.) मी म्हटलं, दोघं समान पातळीवर भेटू, मोकळ्या हवेत फिरत फिरत बोलू. तुम्हाला ते पटलं, किंवा दुकानात गिऱ्हाईक असल्याने पटल्यासारखं झालं, आणि तुम्हीच सुचवलंत की अकोल्यात मोर्णेचा काठ नवा केला आहे, संध्याकाळी सहाला तिथल्या मोराच्या पुतळ्याजवळ भेटा.

मला त्याच्याशी बोलायची निकड होती, हे तुम्ही जाणताच. चिखलदऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची नेमणूक आली होती आणि शाळा उघडायच्या दिवशी हजर व्हायचं होतं. बाबांचं एकच पालुपद होतं, "पाहुणे हो म्हनतीन त जाय." म्हणजे माझी नोकरी आकाशी शर्टाच्या खिशात होती. ती समोरासमोर मागायची, असं मी ठरवलं होतं.

आम्ही चौघं गेलो. बाबा, आई, जयवंता आत्या आणि मी. आत्याच्या पिशवीत डबा होता. मी विचारलं, यात काय? "काई नाई व, पोहे हायेत. पाहुण्याइले उपाशी मारतं का?"

नदीकाठ खरंच देखणा आहे, मामा. लाल फरश्या, रांगेने दिवे, निरनिराळ्या सूचनांचे फलक. मृग कोरडाच गेल्यामुळे नदी मात्र बारीक होती. एवढा मोठा काठ आणि एवढीशी नदी पाहून, लग्नात मांडव भलामोठा आणि नवरदेव मामाच्या खांद्यावर झोपलेला असावा तसं वाटलं. पाणी घोट्याला लागलं नसतं, पण दोन्ही बाजूंना कंबरेएवढी जाळी आहे आणि तिच्यावर पाटी आहे, "खोल पाणी. उतरू नये." बाकं पोलादी आहेत. आत्या टेकली आणि भाकरी तव्यावरून उचलावी तशी उठली.

मोराजवळ कोणी नव्हतं. बाबांनी फोन लावला. तिकडून मुलाच्या आई वच्छलाबाई म्हणाल्या, आम्ही केव्हाच मोराजवळ उभे आहोत. बाबा म्हणाले, आमीबी मोराजोळच हावो. मग बाबांनी मोराला एक प्रदक्षिणा घातली आणि पिसाऱ्यामागे वाकून पाहिलं. पाहुणे तिथे नव्हते. तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, थे पाहा." पलीकडच्या काठावर हुबेहूब दुसरा मोर होता आणि त्याच्याखाली तीन माणसं हात हलवत होती. त्यातला आकाशी शर्ट म्हणजे तुमचे अमोलराव. (तुम्ही त्यांना आत्तापासून 'राव' का म्हणता, हा वेगळा विषय आहे.)

बाबांना हा प्रश्नच वाटला नाही. "पायतनं हातात घेऊ अन् जाऊ," असं म्हणून त्यांनी धोतर खोचलं आणि जाळीवर एक पाय टाकला. लगेच चौकीदाराची शिट्टी वाजली.

"ओ काका, खोल पानी हाय!"

"कुठी हाय? थे बगळा उभा हाय ना तिथी!"

"बगळ्याले परवानगी हाय, तुमाले नाई."

मग आपल्या लोकांचा खरा आजार सुरू झाला, मानपान. बाबा फोनवर म्हणाले, तुम्ही कायले त्रास घेता, मुलीकडचे आम्ही, आम्हीच येतो. तिकडून मुलाचे वडील म्हणाले, आम्ही नव्या विचारांचे आहोत, आम्हीच येतो. नाही, आम्ही. छे छे, आम्हीच. असं बराच वेळ चालून दोघांनी समाधानाने फोन ठेवले आणि दोघांनीही स्वतःचंच खरं केलं. काठाला दोन टोकांना दोन पूल आहेत. आम्ही वरच्या पुलावरून गेलो, ते खालच्या पुलावरून आले. घामाने निथळत आम्ही त्यांच्या मोराखाली पोचलो तेव्हा ते आमच्या मोराखालून हात हलवत होते.

या चालण्यात बाबा माझ्यासोबत होते. त्यांनी जन्मात असं रिकामं चालून पाहिलेलं नाही. "हे फिरनं म्हंजे काय असते व पोरी? कुठीच जायाचं नाई अन् चालाचं?" मी हवापालट, आरोग्य, मनाची शांती वगैरे सांगितलं. ते म्हणाले, "वावरात मी रोज चालतो. पन तिथी धुरा येते, वावराचा बांध, मंग वापस फिरतो. इथी त धुराच नाई." मग बरंच पुढे गेल्यावर, समोर पाहतच त्यांनी विचारलं, "थ्या चिखलदऱ्याच्या शायेत काय शिकोशीन?" मामा, नेमणूक आल्यापासून हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी पुलापर्यंत बोलत राहिले. पोरांना पानातला हिरवा रंग कसा दाखवायचा, भिंग कसं करायचं, दव कुठून येतं, सगळं सांगितलं. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, झालं, सुटले! मग ते खाकरले आणि म्हणाले, "बेस हाय. पाहुण्याइले विचारू."

दुसऱ्यांदा दोन्हीकडून शहाणपण करायचं ठरलं. दोघांनीही एकाच पुलाकडे, खालच्या, निघायचं आणि तिथे भेटायचं. म्हणून आम्ही या काठाने आणि ते त्या काठाने, एकमेकांना दिसत, बरोबरीने चालू लागलो. समान पातळी म्हणतात ती हीच असावी, मधे नदी होती इतकंच. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने एकदा हात वर केला, बहुतेक हलवायला, पण वच्छलाबाईंनी तो धरून खाली केला. तेवढ्यात आत्या माझ्या कानाशी लागली. "हळू चाल व. पाठ सरळ ठेव. पाहून रायले थे."

मी तिथेच थबकले. (आत्या मागून धडकली, डब्याचा आवाज झाला.) आईला अंगणात चालवलं होतं. मी तत्त्वासाठी अंगण सोडलं आणि अख्खा नदीकाठ मागून घेतला.

पुलाशी पोचलो तर फाटकाला कुलूप लागत होतं. बंद व्हायची वेळ झाली होती. चौकीदार तोच. पाहुण्यांनी पलीकडून नमस्कार केला, आम्ही अलीकडून केला, आणि अमरावतीची बस धरायला आम्ही तिथून पळालो.

दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, मुलगी पसंत. बाबा चक्रावले. "थ्यानं तुले नाई पायलं, तू थ्याले नाई पायलं, मंग पसंत कोनं केलं?" वच्छलाबाईंनी केलं होतं. त्या म्हणाल्या, मुलीची चाल चांगली आहे, एवढं चालली पण दमली नाही. आमचं घर माडीवरचं, पाणी खालून चढवावं लागतं. मी अमोलला फोनवर बोलवा म्हटलं. "तो लाजतो. काय विचारायचं ते मला विचार." मी नोकरीचं विचारलं. "ते लग्नानंतर बघू." मामा, मराठीत 'बघू' म्हणजे काय, हे तुम्ही उधारी मागणाऱ्यांना रोज समजावता.

तर मुलगा कसा आहे हे मला खरंच ठाऊक नाही. कदाचित चांगला असेल. हात तरी त्याने आपणहून वर केला होता. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
पौर्णिमा

ता.क. पोहे चौकीदाराने खाल्ले. मीठ कमी आहे म्हणाला.

ता.क. दुसरा. बाबांना मी सांगितलं आहे की मी अचलपूरला मामांकडे जाते आहे. हे पूर्ण खोटं नाही. बस अचलपूरला थांबली होती आणि चहा होईपर्यंत मी तिथेच होते. मग ती पुढे निघाली, आणि मी उतरले नाही. गावाचं नाव राहिलं होतं ते लिहिते, चिखलदरा. सोमवारीच रुजू झाले. पायाचे गोळे इथल्या चढानेच दुखतात, मोर्णेचा त्यात काही दोष नाही. आता कामाचं बोलते. आईला सगळं माहीत आहे, बाबांना तेवढं तुम्ही सांगा. मी पळून गेले असं नका सांगू. पोरीच्या वावराला अजून धुरा आलेला नाही, असं सांगा. आणि त्या वेळी स्पीकर बंद ठेवा.

ता.क. तिसरा. अकोल्याला नकार कळवू नका, होकारही नको. अमोलच्या ऑफिसच्या पत्त्यावर मी कालच कार्ड टाकलं आहे, की एखाद्या रविवारी एकटे या. बसस्थानकापासून शाळेपर्यंत सगळा चढ आहे. मी वर फाटकाशी उभी राहीन. जरा चालून दाखवा.